पाणी वाजवणारे बूच

सायखेड्याला गोदावरीच्या काठावर अण्णांनी मला गळ टाकायला शिकवले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि त्यांचा पहिला धडा चालण्याचा होता. पाणी पंधरा पावलांवर आले की चपला हातात घ्यायच्या, टाचेऐवजी चवडा आधी टेकवायचा, डबा दगडावर आपटायचा नाही आणि बोलायचेच असेल तर कानाजवळ तोंड नेऊन बोलायचे. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, मोरपिसाच्या देठाची तरंगती काडी, तिच्याखाली चिमटलेले शिशाचे दाणे आणि गळाला शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून केलेली गोळी, एवढ्या सामानावर आमची रविवारची सकाळ निघत असे. काडी थरथरली की श्वाससुद्धा रोखून धरायचा. त्या शांततेत रोहू येई, कधी मृगळ येई, आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे मी हेच धरून चालले होते की गळाची मासेमारी म्हणजे पाण्याजवळ गप्प बसणे.

ही समजूत मोडली ती टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनच्या उपसागरात. माझा भाचा ह्यूस्टन आणि गॅल्व्हस्टन यांच्या मधोमध असलेल्या लीग सिटी या गावात राहतो. मे महिन्यात मी त्याच्याकडे गेले होते, आणि लहानपणी माझ्याच मांडीवर बसून गळाला गाठ मारायला शिकलेल्या या मुलाने माझ्यासाठी दोन दिवसांची मासेमारी ठरवून ठेवली होती. गाडीत सामान भरताना त्याने माझ्या हातात एक वस्तू ठेवली. अंड्याएवढे, नारिंगी रंगाचे फोमचे बूच. त्याच्यामधून आरपार गेलेली वीतभर लांबीची ताठ तार. तारेवर बुचाच्या वर आणि खाली सैल सोडलेले पितळेचे आणि प्लॅस्टिकचे मणी. आणि बुचाचे वरचे तोंड वाटीसारखे खोलगट. मी ते सहज हलवले तर खुळखुळ्यासारखे वाजले. हे पाण्यात वाजवायचे का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘आत्या, इथे गप्प बसलीस तर मासा तुझ्या शेजारून निघून जाईल आणि त्याला कळणारही नाही की तू काही वाढून ठेवले आहेस. इथे हाक मारावी लागते.’

तिकडे या बुचाला पॉपिंग कॉर्क म्हणतात. नाव कॉर्कचे असले तरी आता ते बहुधा फोमचेच असते. काठीच्या शेंड्याला छोटासा झटका दिला की बुचाचे खोलगट तोंड पाण्याला धक्का देते आणि ‘गळप्’ असा, घागर पाण्यात बुडताना शेवटी येतो तसा आवाज होतो. त्याच वेळी मणी एकमेकांवर आणि बुचावर आपटून टकटक वाजतात. उथळ पाण्यात कोळंबी जीव घेऊन पळते तेव्हा शेपटीचा फटका मारून पृष्ठभाग फोडते आणि तिच्यामागे लागलेला मासा वर येऊन जबडा मिटतो. बुचाचा आवाज या झटापटीची नक्कल करतो. आसपास फिरणाऱ्या माशाला वाटते की कुणीतरी जेवत आहे आणि आपल्यालाही तिकडे पोहोचले पाहिजे. गॅल्व्हस्टनच्या उपसागराची सरासरी खोली अवघी दोन मीटरच्या आसपास आहे. ट्रिनिटी आणि सॅन जॅसिंटो या नद्या त्यात गाळ आणून टाकतात आणि वारा तो गाळ ढवळत राहतो, त्यामुळे पाणी बऱ्याचदा गढूळ असते आणि हातभर अंतरावरचेही दिसत नाही. अशा पाण्यात आमिष दिसण्याआधी ऐकू यावे लागते.

आवाजाखेरीज हे बूच आणखी दोन कामे करते आणि माझ्या मते तीही तितकीच मोलाची आहेत. एक म्हणजे जिवंत कोळंबी इतकी हलकी असते की ती एकटी दहा हातसुद्धा फेकता येत नाही. बुचाच्या वजनामुळे ती तीस मीटर सहज जाते. दुसरे म्हणजे ते आमिषाला ठरलेल्या खोलीवर धरून ठेवते. बुचाखाली दीड ते तीन फुटांचा जाडसर, पाण्यात सहज न दिसणारा फ्लोरोकार्बनचा दोरा असतो आणि त्याची लांबी पाण्याच्या खोलीपेक्षा नेहमी कमी ठेवतात, म्हणजे कोळंबी तळाच्या गवतात किंवा कालवांच्या धारदार शिंपल्यांत न लपता त्यांच्या वर तरंगत राहते. झटका दिला की कोळंबी वर उचलली जाते आणि झटका संपला की हळूहळू खाली उतरते. मासा बहुतेक वेळा या उतरण्याच्या क्षणी घेतो. हे मला पहिल्या दिवशी सांगितले होते, पण समजले दुसऱ्या दिवशी.

ज्या माशासाठी हा सगळा खटाटोप, त्याला तिथले लोक स्पेकल्ड ट्राउट म्हणतात. नावात ट्राउट असले तरी काश्मीर-हिमाचलच्या थंड ओढ्यांतल्या ट्राउटशी त्याचे काही नाते नाही. सायनोसियॉन नेब्युलोसस हे त्याचे शास्त्रीय नाव आणि तो सायनिडी कुळातला, म्हणजे आपल्याकडच्या ढोम्याचा आणि घोळीचा भाऊबंद. नाशिकच्या मासळी बाजारात ढोमा रोज दिसतो, आणि घोळ म्हणजे तोच मासा, ज्याच्या पोटातल्या भोतासाठी २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना दीडशेवर माशांचे सव्वा कोटींहून अधिक रुपये मिळाल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. भोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. या कुळातले पुष्कळ मासे त्या पिशवीवर स्नायूंचे ठोके देऊन आवाज काढतात, म्हणून इंग्रजीत या कुळाला ढोलाचे नाव मिळाले आहे. स्पेकल्ड ट्राउटमध्ये ढोल वाजवतात ते नर, आणि तेही विणीच्या काळात, साधारण एप्रिल ते सप्टेंबर, दिवस मावळताना. कानातले दगडही या कुळात चांगले मोठे असतात. ज्या माशांचे लग्नच ढोल वाजवून जुळते त्यांना आवाजाने बोलावता यावे, यात मला आता नवल वाटत नाही.

दिसायला हा मासा देखणा आहे. रुपेरी अंग, पाठीवर जांभळट झाक, पाठीपासून शेपटीपर्यंत शाईचे थेंब सांडल्यासारखे काळे ठिपके, तोंडाच्या आत पिवळसर रंग आणि वरच्या जबड्यात पुढे सुळ्यासारखे दोन दात. तो अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात सापडतो. गळाने पकडलेल्या सर्वांत मोठ्या माशाची नोंद १९९५ सालची, फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स इथली आहे, १७ पौंड ७ औंस, म्हणजे सुमारे ७.९ किलोची. एरवी किलोभराचा मासा मिळाला तरी लोक खूश असतात.

आमिष आम्ही धक्क्याजवळच्या दुकानातून घेतले. तिथे जिवंत कोळंबी मापाने मिळते, आणि दुकानदार ती जाळीने उचलून तुमच्या बादलीत सोडतो. बादलीला बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप लावलेला असतो, घरातल्या काचेच्या टाकीला लावतो तसा. भाच्याने बादलीत नळाचे पाणी पडू दिले नाही आणि बर्फही टाकू दिला नाही, कारण पाण्याचा खारटपणा किंवा तापमान एकदम बदलले की कोळंबी मरते, आणि लोळागोळा झालेल्या कोळंबीकडे ट्राउट ढुंकून पाहत नाही, तिच्यावर खेकडे आणि बारीकसारीक चोरटे मासे तेवढे येतात. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्या काट्याच्या मुळाशी, आरपार दिसणाऱ्या काळसर ठिपक्याला न दुखावता, त्याच्या पुढून गळ आडवा घालायचा, म्हणजे ती जिवंत राहते आणि शेपटी मारत राहते. गळ लहान हवा. मोठ्या गळाच्या वजनानेच कोळंबी थकून जाते. उन्हाळ्यात मोठ्या ट्राउटसाठी बोटभर लांबीचा जिवंत क्रोकर लावतात, जो स्वतः याच कुळातला आहे. लहानपणी हा मासा कोळंबीवर वाढतो आणि मोठा झाला की माशांवर येतो, त्यामुळे ज्याला ताटभर मासे हवेत त्याने कोळंबी लावावी आणि ज्याला एकच पण मोठा हवा त्याने मासा लावावा, असा तिथला हिशेब आहे.

पहिल्या दिवशी आम्ही गॅल्व्हस्टन बेटाच्या आतल्या, खाडीकडच्या बाजूला मांडीभर पाण्यात उतरलो. उतरण्याआधी त्याने माझ्या पायांना कुठे ओरखडा आहे का ते पाहिले, कारण उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात आणि उघड्या जखमेतून त्यांचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. मग त्याने मला चालायला शिकवले. वाळूत पाकट अंग पुरून बसलेली असते. पाऊल उचलून तिच्या पाठीवर ठेवले तर तिच्या शेपटीचा काटा घोट्यात घुसतो, म्हणून पाय उचलायचाच नाही, तळ घासत, वाळू ढकलत सरकायचे, म्हणजे चाहूल लागून ती आधीच निघून जाते. अण्णांनी चाहूल न देता चालायला शिकवले होते आणि इथे चाहूल देत चालायचे होते. पाण्यात उभी असताना हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

त्या दिवशी मला एकही ट्राउट मिळाला नाही, आणि चूक माझीच होती. पहिला तासभर मी सवयीने बूच स्थिर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले. दोनदा बूच हलले आणि दोन्ही वेळा आला तो तिथला हार्डहेड, आपल्या समुद्री शिंगाळ्याच्या कुळातला, ज्याच्या परांमधल्या विषारी काट्यांमुळे त्याला पकडीनेच सोडवावे लागते. मग भाच्याने टोकले म्हणून मी वाजवायला लागले आणि थांबेचना. झटक्यावर झटका, झटक्यावर झटका. कोळंबी पाण्यात उतरायला क्षणही मिळत नव्हता, आणि माझ्यापासून वीस हातांवर तो शांतपणे मासे काढत होता. शेवटी तो जवळ येऊन म्हणाला, ‘आत्या, तू हाक मारतेस आणि पाहुणा पायरी चढायच्या आत दार लावून घेतेस. हाक मार, मग त्याला येऊ दे.’

दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्राच्या होडीतून आम्ही ईस्ट बे नावाच्या पूर्वेकडच्या भागात गेलो. तिथे तळाला कालवांच्या शिंपल्यांचे थर आहेत. २००८ च्या आइक वादळाने गाळ पसरून या थरांचा मोठा भाग गाडला, आणि नंतर माणसांनी दगड-शिंपले टाकून काही ठिकाणी ते पुन्हा उभे करण्याचे काम केले. शिंपल्यांच्या कपारींत लहान मासे आणि कोळंबी राहते, म्हणून ट्राउट तिथे येतो. होडीचे इंजिन बंद करून वाऱ्यावर वाहत जाण्याची तिथली पद्धत आहे. भरतीचे पाणी आत येत होते. पाणी वाहते असावे, भरतीचे की ओहोटीचे याला फारसे महत्त्व नाही. साचलेल्या पाण्यात हा मासा आळसावतो. दूरवर कुरव पक्ष्यांचा थवा पाण्यावर घिरट्या घालत होता, आणि खालून मासे कोळंबीला वर हाकलत असल्याची ती खूण होती. पण भाचा पक्ष्यांकडे गेला नाही. तो नाक वर करून वास घेत होता. थोड्या वेळात मलाही तो वास आला, चिरलेल्या कलिंगडाचा, भर समुद्रात. खाणाऱ्या ट्राउटच्या तोंडातून आणि पोटातून बाहेर पडलेले तेल वर येऊन पाण्यावर थाळीएवढा गुळगुळीत पट्टा धरते आणि त्याला कलिंगडासारखा वास येतो. लहान आणि रेखीव पट्टा म्हणजे मासे नुकतेच इथे होते. वाऱ्याने पसरलेला मोठा पट्टा म्हणजे ते पुढे गेले. नदीवर इतकी वर्षे काढूनही माशाचा ठाव नाकाने घेता येतो हे मला माहीत नव्हते.

मी त्या पट्ट्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला गळ टाकला. दोन छोटे झटके दिले, सैल झालेला दोरा गुंडाळून घेतला आणि मनात पंधरापर्यंत मोजले. पुन्हा दोन झटके, पुन्हा मोजणे. तिसऱ्या खेपेला मी अकरावर होते तेव्हा नारिंगी बूच दिसेनासे झाले. मोरपिसाची काडी आधी थरथरते, मग तिरकी होते, मग सरकते, आणि रोहू तोवर तुम्हाला सावरायला वेळ देतो. इथे बूच होते आणि नव्हते, एवढेच. मी रोहूला मारते तसा जोरात हिसका दिला. क्षणभर वजन लागले, पाण्यावर डोके झटकणारे तोंड दिसले, पिवळे, उघडे, आणि दोरा सैल पडला. या माशाच्या तोंडाची कातडी पातळ कागदासारखी असते आणि हिसक्याने ती फाटते. याच्याच एका सख्ख्या भावाला अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर त्या नाजूक तोंडामुळे ‘दुबळा मासा’ अशा अर्थाचे नाव आहे. बूच बुडाले की आधी सैल दोरा गुंडाळायचा, वजन जाणवू द्यायचे आणि मग काठी नुसती उचलायची, विहिरीतून भरलेली कळशी ओढतो तितक्याच सावकाशपणे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोऱ्यावरची पकड, सैल ठेवायचा, मासा ओढेल तेव्हा दोरा जाऊ द्यायचा, तो पाण्यावर येऊन डोके झटकू लागला की काठी खाली झुकवायची आणि होडीजवळ आल्यावर त्याला दोऱ्याने न उचलता जाळीत घ्यायचे. पुढच्या दोन तासांत मला पाच मासे मिळाले.

त्यांतले तीन आम्ही ठेवू शकत होतो, दोनच ठेवले. टेक्ससमध्ये मार्च २०२४ पासून, खास टॅग लावून ठेवायच्या एखाद्या मोठ्या माशाची सवलत सोडली तर, माणशी दिवसाला तीनच मासे आणि तेही १५ ते २० इंच लांबीचे, म्हणजे साधारण ३८ ते ५१ सेंटीमीटरचे, ठेवता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससवर आलेल्या थंडीच्या लाटेत तिथल्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले असा राज्याच्या वन्यजीव खात्याचा अंदाज आहे, आणि उथळ पाण्यात राहणाऱ्या ट्राउटला त्या गारठ्याचा जबर फटका बसला. त्यानंतर नियम कडक होत गेले. वरची मर्यादा का, हे मला भाच्याने समजावले तेव्हा फार पटले. वीस इंचांच्या वरचे बहुतेक मासे मादी असतात, आणि मोठी मादी एका हंगामात अनेक वेळा अंडी घालते. तिला ताटात घेणे म्हणजे पुढच्या वर्षीचे बियाणे भाजून खाणे. माझा शेवटचा मासा तेवीस इंचांचा होता. त्याला, किंवा तिला म्हणू या, ओल्या हातांनी धरून, अंगावरचा बुळबुळीत थर पुसू न देता, डोके पाण्याच्या दिशेने ठेवून मी सोडले. ती काही क्षण माझ्या तळहातांत तशीच राहिली आणि मग शेपटीच्या एका फटक्यात गेली. एवढ्या मोठ्या माशाला परत पाण्यात सोडण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती, आणि आपल्या धरणांत गळ टाकणाऱ्यांनीही लांबीची अशी काही शिस्त आपणहून पाळावी असे मला मनापासून वाटते.

ठेवलेले दोन मासे लगेच बर्फात गेले, कारण याचे मांस मऊ असते आणि उन्हात तासाभरात बिघडते. घरी काप काढताना एका तुकड्यात शेवईसारखी पांढरी अळी निघाली. मी घाबरले, पण ट्राउटमध्ये ती पुष्कळदा असते, मूळ शार्कच्या पोटातल्या कृमीची ती एक अवस्था आहे आणि शिजवलेल्या माशातून माणसाला तिच्यापासून काही होत नाही. ती चिमट्याने ओढून टाकली. मग हळद, मीठ, लिंबू आणि मी नाशिकहून नेलेला काळा मसाला लावून, तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून तळले. चव ढोम्याच्या जवळची, पण अधिक गोडसर. कालवणात मात्र हा मासा विरघळतो, तिथे तो घालू नये.

परत येताना भाच्याने मला दोन बुचे दिली. इथे आल्यावर पहिला प्रश्न हा होता की अण्णा चुकले होते का. मी जितके वाचले आणि पाहिले त्यावरून सांगते की ते अजिबात चुकले नव्हते. रोहू, कटला, मृगळ या माशांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत हाडांच्या बारीक तुकड्यांची एक साखळी असते. अर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचे वर्णन केले आणि आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पिशवी पाण्यातला कंप पकडते आणि ही हाडे तो थेट कानापर्यंत पोहोचवतात, त्यामुळे या माशांना इतर बहुतेक माशांपेक्षा फार बारीक आवाजही ऐकू येतात. काठावरचे पाऊल, दगडावर आपटलेला डबा त्यांना कळतो, आणि तळाशी पेंड टिपत फिरणाऱ्या माशाला वरच्या खळबळीशी काही देणेघेणे नसते. त्याच्यासाठी शांतताच बरोबर होती.

आणि मग मला अण्णांचीच दुसरी आठवण आली. पावसाळा संपल्यावर ते मरळासाठी जात, तेव्हा लांब काठीच्या शेंड्याला आखूड दोरा बांधून, गळाला लावलेला बेडूक पाणगवताच्या कडेने पाण्यावर टपटप नाचवत. पाणी वाजे, ते मुद्दाम वाजवत. चपला मात्र तेव्हाही हातातच असत. म्हणजे पाण्यावरचा आवाज आणि काठावरचा आवाज ते वेगळे मानत होते. एक भक्ष्याचा आणि एक माणसाचा. माझ्या लक्षात राहिली ती फक्त शांतता, कारण मला मरळाकडे ते कधी नेत नसत, तिथे गवतात साप असतो म्हणून.

दिंडोरी तालुक्यात माझ्या एका मैत्रिणीच्या शेतात जुने, प्लॅस्टिकचा कागद न घातलेले मातीचे शेततळे आहे. त्यात रोहू आहेत, चिलापी (तिलापिया) आहे आणि आपोआप आलेले मरळ आहेत. हिवाळ्यात तिच्या परवानगीने मी तिथे ते नारिंगी बूच टाकून पाहिले. बेडूक मी लावत नाही, तो शेताला हवा असतो. त्याच तळ्यातली बोटभर चिलापी पकडून, पाठीच्या पराखालून गळ घालून लावली. त्याच तळ्यातली हे मी मुद्दाम सांगते आहे. एका पाण्यातले जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यात नेऊ नये, कारण गळातून सुटलेली चिलापी नव्या तळ्यात किंवा धरणात बेसुमार वाढते आणि तिथल्या मूळ माशांची जागा खाते. बुचाखाली दीड फुटाच्या जागी फक्त फूटभर दोरा ठेवला, कारण मरळ हवा घ्यायला वर येणारा मासा आहे आणि भक्ष्यही वरच्या पाण्यात शोधतो.

पहिल्या ‘गळप्’बरोबर तळ्याच्या मधोमध रोहूंची जी वर्तुळे उमटत होती ती थांबली, आणि तासभर पुन्हा उमटली नाहीत. अण्णांचे म्हणणे माझ्या डोळ्यांपुढे सिद्ध झाले. पण पाणकणसांच्या कडेला, चौथ्या की पाचव्या हाकेनंतर, मी विसापर्यंत मोजत असताना गवताखालून पाण्यावर एक फुगवटा बुचाच्या दिशेने सरकत आला, थांबला, आणि मग बूच गेले. मरळाचे तोंड हाडाचे आणि दातांचे असते. तिथे कळशी उचलण्याचा सावकाशपणा चालला नाही. मासा गवतात शिरला आणि दोरा घासून तुटला. बूच दोन दिवसांनी मैत्रिणीच्या गड्याला काठाला लागलेले सापडले. दुसऱ्या खेपेला जाड दोरा लावला आणि सव्वा किलोचा मरळ मिळाला.

तेव्हापासून मी बुचे घरीच करते आहे. जुन्या स्लिपरचे रबर धारदार पातीने गोल कापायचे, वरच्या बाजूला गरम चमच्याने दाबून वाटी करायची, मधून सायकलचा स्पोक घालायचा आणि दोन्ही टोकांना पक्कडीने वेढे घालून फासे करायचे. मण्यांसाठी भांडी बाजारात फिरून पितळी मणी शोधले, कारण काचेचे मणी वाजतात छान, पण दहा-पंधरा झटक्यांत फुटतात, आणि घुंगराचा आवाज पाण्याखाली उगाच किणकिणतो, त्याने काही आले नाही. वाटी उथळ झाली तर बूच नुसते फरफटते, फार खोल झाली तर झटक्याला पालथे पडते. बोटाच्या एका पेराएवढी खोली मला बरी वाटली. पावसाच्या सुरुवातीपासून मरळाची जोडी आपल्या पिलांच्या लालसर थव्याभोवती पहारा देत फिरते, आणि तेव्हा आवाज केला तर ती पिलांसाठीच धावून येते. अशा वेळी तिला गळाला लावणे मला जमणार नाही, म्हणून माझा गळ दिवाळीपर्यंत बंद आहे. केलेल्यांपैकी एक बूच मी भाच्याकडे पाठवले होते. त्याने ते ईस्ट बेमध्ये वापरून कळवले की आवाज चांगला भरीव येतो, कोळंबीही नीट उतरते, पण दुसऱ्याच माशाला तार वाकली आणि खाऱ्या पाण्याने गंज धरला. आता मी स्पोकच्या ऐवजी तितकीच बारीक, पण ताठ राहणारी स्टेनलेस स्टीलची तार शोधते आहे.